जास्तीचं एक ताट

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत स्टेशनं किती? सव्वीस वर्षं हा प्रश्न मी प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी विचारला. अर्धा वर्ग पाच म्हणायचा, अर्धा सहा, आणि एखादा हुशार हळूच मोबाइल काढायचा. मग मी फळ्यावर नावं लिहायचे: घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड. स्टेशनं सहा आणि त्यांच्या मधली अंतरं पाच. आपण नक्की काय मोजतोय हे आधी ठरवलं नाही तर उत्तर एकाने चुकणार, आणि नवशिक्यांच्या निम्म्या चुका या एकाच्याच असतात, असं मी हात झटकत सांगायचे. हे सांगताना मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका फरसाणाच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता. दोन खोल्या, बावीस कॉम्प्युटर, त्यांतले चालू अठरा, आणि दुपारी चारनंतर खालून येणारा तळणाचा वास. तिथे मी प्रोग्रॅमिंगची फक्त सुरुवात शिकवायचे. पहिले सहा आठवडे. त्यापुढचं शिकवायला तरुण सर यायचे, भराभर इंग्रजी बोलायचे आणि वर्षभरात मोठ्या कंपनीत निघून जायचे. मी तिथेच राहिले. नातेवाइकांची समजूत अशी की मला पुढचं येत नाही. येत होतं, पण मला सुरुवातच आवडायची. माणूस पहिल्यांदा मशीनला काहीतरी सांगतो आणि मशीन ते खरंच करतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढच्या वर्गात तो चेहरा नसतो. तिथे सगळे नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखे बसलेले असतात.

ज्यांनी प्रोग्रॅम कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोग्रॅम म्हणजे क्रमाने लिहिलेल्या सूचना. मशीन त्या वाचतं आणि लिहिलंय तेवढंच करतं. आपण सांगायला विसरलो ते करत नाही, आणि 'अहो, हे तर कोणालाही कळेल' असं जे आपण गृहीत धरतो ते त्याला अजिबात कळत नाही. हे पटवायला मी पत्त्यांचा कॅट वापरायचे. दहा पत्ते पालथे ठेवायचे आणि सर्वांत मोठा पत्ता शोधायला सांगायचं. सगळे जण झटकन दहाही पत्ते उलटे करायचे आणि राजा उचलायचे. मग मी म्हणायचे, असं नाही, मशीनला एका वेळी दोनच पत्ते दिसतात. आता शोधा, आणि शोधताना काय करताय ते माझ्याकडून लिहवून घ्या. तिथे भल्याभल्यांची गाडी अडायची. जो माणूस 'हातातला आणि पुढचा बघ, मोठा ठेव, लहान टाक, पत्ते संपेपर्यंत हेच कर' इथपर्यंत यायचा, त्याला प्रोग्रॅमिंग येणार हे मला तेव्हाच कळायचं.

माझ्याकडे नाना तऱ्हेची माणसं येऊन गेली. घाटकोपरचे एक गृहस्थ लग्नं जुळवायचे. त्यांना छत्तीस गुण पटापट मोजणारा प्रोग्रॅम हवा होता. पाच आठवडे घाम गाळून त्यांनी तो स्वतः लिहिला आणि पहिल्याच फटक्यात त्यांना एकतीस गुणांची जोडी मिळाली. ते आनंदाने उठून उभे राहिले. मी नावं वाचली तर दोघं सख्खी चुलत भावंडं. आडनाव एक, गोत्र एक, पत्ताही एकाच बिल्डिंगचा. गोत्र बघायचं असतं हे त्यांना जन्मापासून माहीत होतं, म्हणूनच ते लिहायचं राहिलं. जे आपल्याला अगदी पाठ असतं तेच नेमकं सांगायचं राहतं, हे मी पुढे कित्येक बॅचेसना त्यांचं उदाहरण देऊन शिकवलं. मला स्वतःला ते कळायला मात्र मंगलताई याव्या लागल्या.

मंगल साळवे माझ्याकडे आल्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. राहायला कांजूरमार्गला, नोकरी जवळच्याच एका खासगी हॉस्पिटलच्या किचनमध्ये. अठरा वर्षांपूर्वी भांडी घासायला लागलेल्या बाई आता तिथल्या इन-चार्ज होत्या. साठ खाटांचं हॉस्पिटल. कोणाला बिनमिठाचं, कोणाला बिनसाखरेचं, कोणाला पातळ, कोणाला मऊ, हे सगळं दोन वेळा, चुकायला वाव नाही. हे त्या इतकी वर्षं एका चतकोर कागदावर आणि बाकीचं डोक्यात ठेवून चालवत होत्या. आता हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी नवी सिस्टीम येणार होती आणि ॲडमिनच्या साहेबांनी त्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं की तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिका, नाहीतर इन-चार्ज म्हणून दुसरं माणूस घ्यावं लागेल. तुम्हाला काढणार नाही, ट्रॉलीवर घेऊ, असंही ते म्हणाले होते. म्हणजे ज्या मुलींना त्यांनी शिकवलं त्यांच्या हाताखाली वॉर्डातून ताटं ढकलत फिरायचं.

मी त्यांना सांगितलं की तुम्ही चुकीच्या खोलीत आलात. तुम्हाला हवाय तो कोर्स शेजारी चालतो, चार आठवड्यांचा, टायपिंग आणि फॉर्म भरणं. इथे प्रोग्रॅमिंग शिकवतात, ते तुम्हाला लागणार नाही.

"मॅडम, बटणं कुठली दाबायची ते कोणीपण शिकवेल," त्या म्हणाल्या. "ते आतून काय विचार करतं ते मला बघायचंय. उद्या ते चुकलं तर तोंड मलाच द्यायचंय ना."

इतक्या वर्षांत प्रोग्रॅमिंग शिकण्याचं इतकं चोख कारण मला कोणी दिलं नव्हतं. बाकीच्यांना पॅकेज हवं असायचं. मी त्यांचं नाव पाच वाजताच्या बॅचमध्ये घातलं.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या बाई. इंग्रजी अक्षरं ओळखत होत्या, पण कीबोर्डवर ती शोधायला वेळ लागायचा. त्यांनी एक लांब वही केली होती. तिच्यात डाव्या बाजूला इफ, एल्स, फॉर असे शब्द देवनागरीत आणि उजव्या बाजूला त्यांचे स्वतःचे अर्थ. 'इफ' पुढे लिहिलं होतं, 'जर खाटेवर कार्ड असेल तर'. पहिले दहा दिवस त्यांना फार जड गेले. आम्ही जी भाषा शिकवायचो तिच्यात ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागासुद्धा मोजूनमापून लागते. एक जागा कमी पडली की मशीन काम करायचं नाकारतं. बाईंचे प्रोग्रॅम रोज नाकारले जायचे. शेजारी बसलेली कॉलेजची पोरं त्याच चुकीवर टेबलावर हात आपटायची. बाई चष्मा वर करायच्या, ओळ पहिल्यापासून वाचायच्या आणि बरोब्बर तिथे जागा सोडायच्या. एकदा मी विचारलं की तुम्हाला कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, साठ ताटांत एक बिनमिठाचं चुकीच्या खाटेवर गेलं तर शोधत बसावंच लागतं, त्यात कंटाळा कसला.

अटी आल्या आणि चित्रच पालटलं. जर हे, तर ते, नाहीतर तिसरं. पोरं तिथे गोंधळतात, कारण त्यांच्या आयुष्यात अजून फारशा अटी नसतात. मंगलताईंचं सगळं काम अटींचंच. मधुमेह आणि किडनी दोन्ही असेल तर काय, ऑपरेशन उद्या असेल तर आज रात्री काय, चतुर्थीचा उपास धरलेली बाई असेल आणि तिला गोळ्या जेवणावर घ्यायच्या असतील तर काय. मी फळ्यावर दोन अटींचं उदाहरण लिहीपर्यंत त्यांच्या वहीत पाच अटींचं उदाहरण तयार असायचं आणि ते बरोबर असायचं. पत्त्यांच्या खेळाच्या दिवशीही वर्गात एकट्या त्यांनीच एका दमात क्रम सांगितला होता. मला त्यांचा अभिमान वाटायला लागला. खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त माझाच वाटत होता.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम करायचा असे. मंगलताईंनी आपल्या किचनचा केला. सकाळी साडेदहाला वॉर्डातून रुग्णांची यादी येते. ती यादी घालायची आणि कुठल्या प्रकारची किती ताटं लागतील याचा तक्ता छापून घ्यायचा. मी त्यांच्या मागे उभी राहून बघत होते. यादीत अठ्ठेचाळीस नावं होती आणि खाली एकूण ताटं आली एकोणपन्नास.

मला हसूच आलं. इतकी वर्षं ओळखीचं असलेलं ते एक. मी वाकून पाहिलं तर मऊ जेवणाच्या आकड्यापुढे त्यांनी 'अधिक एक' लिहिलेलं. मी वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की बघा, स्टेशनं आणि अंतरं. मंगलताई हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तो राहू दे ना." मी म्हणाले की राहू दे असं प्रोग्रॅमिंगमध्ये नसतं, नावं अठ्ठेचाळीस तर ताटं अठ्ठेचाळीस. आणि त्यांच्या खांद्यावरून हात घालून मीच तो एक पुसला.

नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक सरांना मी एक नियम सांगायचे. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. चूक दिसली तर विचारायचं, 'हे इथे का लिहिलंत?' आणि गप्प उभं राहायचं. तो नियम मीच केलेला होता. त्या दिवशी पुढची सात मुलं हात वर करून बसली होती आणि मला घाई होती. मंगलताई पुढे काही बोलल्या नाहीत. डॉक्टर बोलले की आपण गप्प बसायचं ही त्यांची अठरा वर्षांची सवय, आणि मीही त्यांच्या लेखी त्याच रांगेतली झाले होते.

त्यांनी तो तक्ता ॲडमिनच्या साहेबांना दाखवला. साहेब चकित झाले. नवी सिस्टीम यायला अजून महिना होता. ते म्हणाले की येत्या सोमवारपासून पंधरा दिवस किचन तुमच्या तक्त्यावर चालवा. स्टोअरमधून सामान तक्त्याप्रमाणे निघेल, ताटं तक्त्याप्रमाणे लागतील. नीट चाललं तर इन-चार्ज तुम्हीच, नव्या सिस्टीमवरही तुम्हीच. मंगलताई हे सांगायला पेढे घेऊन आल्या. मी दोन खाल्ले.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या तीन दिवस क्लासला आल्या नाहीत. आजारी असतील असं आधी वाटलं. मग मी फोन केला, आणि त्यांनी जे झालं ते सरळ सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती.

सोमवारी साडेदहाची यादी किचनला गेल्यावर, अकराच्या सुमाराला, कॅज्युअल्टीतून एका म्हाताऱ्या गृहस्थांना वॉर्डात आणलं. मधुमेहाचे रुग्ण. दुपारच्या जेवणाआधी त्यांना इन्सुलिन द्यायचं होतं. सिस्टरने सव्वाबाराला सुई दिली, कारण साडेबाराला ट्रॉली येते आणि ट्रॉलीच्या खालच्या फळीवर मऊ खिचडीचं एक ताट नेहमी असतंच, हे त्या मजल्यावरच्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक होतं. त्या दिवशी ट्रॉली आली आणि ताट नव्हतं. नावं तेवढीच ताटं. किचनला फोन गेला तर तिथेही खिचडी संपलेली, कारण सामानच मोजून निघालं होतं. इन्सुलिन घेतलेल्या माणसाच्या पोटात अन्न गेलं नाही तर रक्तातली साखर उतरत जाते. गृहस्थांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटायला लागलं. सिस्टरने धावपळ करून साखर दिली. मंगलताई स्वतःचा डबा उघडून, त्यातली भाकरी दुधात कुस्करून, तीन जिने धावत वर गेल्या आणि त्यांना भरवत बसल्या. अर्ध्या तासात गृहस्थ माणसांत आले. पण साहेबांपर्यंत गेलंच. त्यांनी विचारलं की चूक कोणाची, आणि मंगलताईंनी सांगितलं की माझी. तक्ता बंद झाला. शुक्रवारी साहेब निर्णय सांगणार होते.

मी विचारलं की ते जास्तीचं ताट काय होतं. तेव्हा कुठे मी विचारलं.

किचनमध्ये त्यांना कामाला लावणाऱ्या पहिल्या इन-चार्ज मालवणकडच्या एक काकी होत्या. वॉर्डाची यादी कितीचीही असो, त्या एक मऊ खिचडी जास्त लावायच्या. मुगाची मऊ खिचडी बहुतेक सगळ्यांना चालते. नव्या आलेल्या मंगलने एकदा विचारलं की हे कोणाचं. काकी म्हणाल्या होत्या, "एक ताट जास्तीचा ठेय गो. कोणतरी येतलोच." आणि बहुतेक रोज कोणीतरी यायचंच. नाही आलं तर कोणा रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकाला ते जायचं. अठरा वर्षांत ते ताट कधी परत आलं नव्हतं.

"मग मी पुसलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "आणि कागदावर नव्हतं तरी एक जास्त लावता आलं असतं ना?"

"कागदावर नसताना लावलं असतं तर कागद खोटा झाला असता," त्या म्हणाल्या. "चूक तुमची नाय मॅडम. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी गप बसले."

मला लाज वाटली. नुसती चुकल्याची नव्हे. नवशिक्या माणसाने लिहिलेला एक आकडा मी त्याला न विचारता पुसला होता, आणि त्यापायी एक माणूस मरणाच्या वाटेला लागता लागता राहिला होता. आमच्या धंद्यात एक साधी शिस्त आहे. प्रोग्रॅममध्ये नुसता आकडा उघडा सोडायचा नाही, त्याला नाव द्यायचं, म्हणजे वाचणाऱ्याला तो कशासाठी आहे ते कळतं. मी त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं की मंगलताई, या एकाला नाव द्या. त्यांनी दिलं असतं. मला ते सुचलंच नाही, कारण ते एक मला आधीच ओळखीचं वाटलं होतं.

शुक्रवारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. मंगलताईंनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही. साहेब पन्नाशीचे, कामाने पिचलेले, माणूस म्हणून बरे वाटले. मी त्यांना सांगितलं की यांच्या प्रोग्रॅममध्ये ते ताट होतं, मी पुसलं, या राहू दे म्हणाल्या होत्या. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मंगलताईंकडे, आणि त्यांना विचारलं की हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत. मग उत्तराची वाट न बघता त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. बरोबर काय मग, एक जास्त धरायचं की नाही?

मला वाटलं त्या हो म्हणतील. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"एक धरलं तरी चूकच आहे साहेब," त्या म्हणाल्या.

त्या तीन दिवसांत त्या क्लासला आल्या नव्हत्या, कारण ड्युटी संपली की त्या कॅज्युअल्टीचं रजिस्टर घेऊन बसत होत्या. साडेदहा ते साडेबाराच्या मध्ये किती माणसं वर येतात, हे त्यांनी गेल्या दोन महिन्यांचं वार लावून लिहून काढलं होतं. रविवारी जवळजवळ कोणी नाही. मंगळवार ते शनिवार एक, क्वचित दोन. सोमवारी दोन, कधी तीन, कारण रविवार माणूस घरी कण्हत काढतो आणि सोमवारी हॉस्पिटल गाठतो. आजवर सोमवारी एक ताट कमी पडलं की किचनमधलं कोणीतरी आपलं जेवण वर पाठवायचं, आणि ते कोणाच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी प्रोग्रॅम नव्याने लिहिला होता. तक्त्यात वाराप्रमाणे जास्तीची ताटं आपोआप धरली जात होती, आणि त्या आकड्याला त्यांनी नाव दिलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठी. येणारा.

पुढे आणखी एक पान होतं. ज्यांना जेवणाआधी सुई द्यायची त्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. ताट खाटेपाशी आलं की सिस्टरने चौकोनात खूण करायची आणि मगच सुई द्यायची. मोठ्या सिस्टरशी त्या आधीच बोलून आल्या होत्या.

सव्वीस वर्षांत मी हजारेक लोकांना सुरुवात शिकवली असेल. त्यांतले बरेच आज परदेशात आहेत, मोठमोठ्या पदांवर आहेत, दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. पण आपलीच चूक उलटीपालटी करून, तिच्या खालची दुसरी चूक शोधून काढणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला त्या पुसलेल्या एकाची भरपाई करायची होती. बाई माझ्या पुढे निघून गेल्या होत्या.

साहेबांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. ते म्हणाले की नव्या सिस्टीमची माणसं पुढच्या गुरुवारी दाखवायला येतायत, तिथे तुम्ही बसा, मग बघू. मलाही बसायची परवानगी त्यांनी दिली, बहुधा माझ्या तोंडाकडे बघून.

गुरुवारी दोन तरुण इंजिनिअर आले. अंधेरीच्या ऑफिसमधून निघालेले, ट्रॅफिकमध्ये अडकून साडेअकराला पोचले. पोरं चांगली होती, सिस्टीमही देखणी होती. पडद्यावर रंगीत चौकोन, खाटेवर बोट ठेवलं की रुग्णाचं सगळं जेवण समोर. त्यांच्यातला उंच मुलगा अभिमानाने म्हणाला की एकदा यादी बंद झाली की एक ताट इकडचं तिकडे होणार नाही, एकदम ॲक्युरेट. मी खुर्चीत हलले. त्याच्या जागी मला मीच दिसत होते.

मंगलताईंनी हात वर केला, वर्गात करायच्या तसाच.

"यादी बंद झाल्यावर माणूस आला तर?"

"तो पुढच्या जेवणाच्या यादीत येईल मॅम."

"म्हणजे रात्री."

"हो मॅम."

"मग दुपारी त्याने काय खायचं?"

बाईंच्या आवाजात मुलाला पकडल्याचा आनंद अजिबात नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मुलगा प्रामाणिक निघाला. म्हणाला की हे आम्ही धरलेलं नाही, आणि त्याने वही उघडली. पुढची वीस मिनिटं मंगलताई बोलत होत्या आणि तो लिहून घेत होता. वार, वेळा, मऊ खिचडीच का, सुईच्या आधी खूण का. मध्ये एकदा त्याने विचारलं की हा जास्तीचा आकडा कोण भरणार. बाई म्हणाल्या की आकडा कोणी हाताने भरायचा नाही, रजिस्टरवरून सिस्टीमने स्वतः काढायचा, आणि तो कसा काढायचा ते आपल्या प्रोग्रॅममधून दाखवलं. तो उंच मुलगा त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मुलांना सांगितलं, "किचनचं जे काय बदलायचं असेल ते यापुढे यांना विचारूनच बदलायचं. आमच्या किचन इन-चार्ज या आहेत."

मंगलताईंनी वही मिटली, चष्मा केसांवर सारला, पदर खोचला. डोळे भरून आले होते ते माझेच. मी पर्समध्ये रुमाल शोधायचं सोंग केलं.

"साहेब, बारा वाजून गेले, ट्रॉली लावायचीय," त्या म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि त्या दोन मुलांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोघं जेवल्याशिवाय जाऊ नका. तुमची ताटं मी सकाळीच धरलीत. मॅडमचं पण."

साडेबाराला किचनच्या मागच्या लांब बाकावर आम्ही तिघं शेजारी शेजारी बसून मऊ खिचडी खाल्ली. तिच्यात मीठ जवळपास नव्हतंच. कोणीही मागितलं नाही.